करपा तोच, कूळ वेगळं: बटाट्यावरचं औषध निकामी कसं होतं?

“गेल्या साली याच औषधाने करपा जागच्या जागी थांबला होता. यंदा तीन फवारण्या झाल्या तरी पाला झोपला.” बटाटा पिकणाऱ्या कुठल्याही मुलखात ही तक्रार ऐकायला मिळते. पहिला संशय येतो तो बनावट औषधाचा, आणि कधी कधी तो खराही निघतो. पण बऱ्याचदा पुड्यातलं औषध अस्सलच असतं. बदललेला असतो तो पानावरचा जीव. रोगाचं नाव तेच, डाग तसेच, पण डाग पाडणारं कूळ, म्हणजे त्याच रोगजंतूचा वंश, दुसरं. हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि सगळी गोम तिथेच आहे.

आधी रोग नक्की करून घेऊ. बटाट्यावर दोन करपे येतात. लवकर येणारा करपा आल्टरनेरिया या बुरशीचा. त्याचे डाग कोरडे, तपकिरी, आत एकात एक वर्तुळं असलेले. आपण बोलतोय तो उशिरा येणारा करपा, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्सचा. याचा डाग पानाच्या टोकाला किंवा कडेला, पाण्याने भिजल्यासारखा काळपट हिरवा सुरू होतो. ढगाळ हवेत सकाळी दव असताना पान उलटं करून पाहा: काळ्या डागाच्या कडेला, जिथे मेलेला भाग संपून हिरवा भाग सुरू होतो तिथे, पांढऱ्या लवेची बारीक कड दिसते. दुपारी ऊन पडलं की ती कड दिसेनाशी होते. शंका असेल तर डाग पडलेलं पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर गार जागी ठेवा. सकाळी लव वर आली तर तो उशिरा येणारा करपाच.

आपण याला बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबाने ही खरी बुरशी नाही. हा जीव समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या गोतावळ्यातला. त्याच्या पेशीची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकानची, खऱ्या बुरशीसारखी कायटिनची नाही. ही माहिती पुस्तकी वाटते, पण तिच्यावर खिशातले पैसे अवलंबून आहेत. टेब्युकोनॅझोलसारखी ट्रायझोल औषधं बुरशीतलं एर्गोस्टेरॉल तयार होणं रोखतात. हा जीव एर्गोस्टेरॉल बनवतच नाही, म्हणजे ट्रायझोल मारून उपयोग शून्य. कार्बेन्डाझिमही याच्यावर चालत नाही. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबचं तयार मिश्रण या करप्यावर मारलं, तर काम करतं ते फक्त त्यातलं मॅन्कोझेब. अशा वेळी “औषधाला दाद देत नाही” म्हणणं चूक, कारण ते औषध या रोगाचं कधी नव्हतंच.

एका डागातली गर्दी

अनुकूल हवेत एका डागावर दिवसाला तीन लाखांपर्यंत बीजाणू तयार होऊ शकतात. वाऱ्याने ते शेजारच्या रानात जातात. हवा उबदार असेल, २० अंशांच्या आसपास, तर बीजाणूला थेट कोंब फुटतो आणि तो पानात शिरतो. १२ ते १५ अंशांच्या गारव्यात पानावर पाणी असेल, तर तोच बीजाणू फुटून त्यातून साधारण आठ पोहणारे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात. म्हणजे एकाचे आठ. पाण्याबरोबर झिरपून वरंब्यातल्या बटाट्यापर्यंत पोहोचतात ते बहुतेक हेच. पानात शिरल्यापासून नवे बीजाणू बाहेर पडेपर्यंत तीन ते सात दिवस पुरतात. तीन महिन्यांच्या पिकात अशा किती पिढ्या होतील याचा हिशेब करून पाहा.

एवढ्या गर्दीत नक्कल करताना चुका होणारच. पेशी दुभंगताना डीएनएची प्रत काढली जाते, आणि कुठे तरी एक अक्षर चुकतं. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक असतात. पण एखादी चूक नेमकी औषध जिथे चिकटतं त्या जागी होते. औषध नसताना अशा बीजाणूला काही विशेष किंमत नसते. तो लाखांतला एक. फवारणी झाली की बाकीचे मरतात, तो उरतो, आणि आठवड्याने त्याच्या डागावर त्याचेच लाखो वंशज असतात. म्हणून “फवारणीमुळे रोग बदलला” हे म्हणणं अर्धंच खरं आहे. बदल आधीपासून होता. फवारणीने त्याला निवडून रान मोकळं करून दिलं.

फरक पडण्याची दुसरी वाट म्हणजे मिलन. या जीवात ए१ आणि ए२ असे दोन प्रकार असतात. दोन्ही एकाच पानावर भेटले तर जाड कवचाचे बीजाणू बनतात. ते जमिनीत काही वर्षं जिवंत राहतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या संततीत आईबापांचे गुण नव्याने पिसले जातात. मेक्सिकोतल्या तोलुकाच्या खोऱ्यात हे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात, आणि हा रोग मूळचा तिथलाच असं बरेच संशोधक मानतात. बाहेरच्या जगात मात्र सव्वाशेहून अधिक वर्षं फक्त ए१ होता. १८४५ पासून आयर्लंडात जो दुष्काळ पडला, ज्यात सुमारे दहा लाख माणसं गेली आणि तेवढीच देश सोडून गेली, तो एकाच कुळाने घडवला. जुन्या वनस्पतिसंग्रहांत जपलेल्या वाळक्या पानांतून डीएनए काढून २०१३ मध्ये हे दाखवलं गेलं. त्या कुळाला हर्ब-१ असं नाव दिलं आहे. पुढे यूएस-१ नावाच्या दुसऱ्या कुळाने जग व्यापलं. युरोपात ए२ सापडल्याची नोंद झाली ती १९८४ मध्ये, स्वित्झर्लंडमधून. १९७६ च्या दुष्काळात मेक्सिकोहून युरोपात आणलेल्या बटाट्यांबरोबर तो आला असावा असं मानतात.

तिसरी वाट प्रवासाची. बेणं, रोपं, खाण्याचा बटाटा, टोमॅटो या सगळ्यांबरोबर कूळ एका देशातून दुसऱ्या देशात जातं. व्यवहारात हीच वाट सगळ्यांत घातक ठरली आहे.

मेटॅलॅक्सिलचा धडा

१९७७ मध्ये मेटॅलॅक्सिल बाजारात आलं आणि ते अपूर्वच होतं. पानात शिरायचं, रसाबरोबर वर चढून नव्या फुटव्यापर्यंत जायचं, लागण झालेल्या पानातला रोगही थोपवायचं. आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये ते एकट्यानेच वापरलं गेलं. १९८० मध्येच दोन्ही देशांत ते कोसळलं. बाजारात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

कारण असं. मेटॅलॅक्सिल या जीवाच्या एकाच यंत्राला अडवतं: आरएनए पॉलिमरेज-१ नावाचं, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा कच्चा माल तयार करणारं यंत्र. त्या यंत्राच्या एका जनुकातल्या चुकीमुळे प्रथिनाच्या साखळीत ३८२ व्या जागेवरचा टायरोसिन हा दुवा बदलून फेनिलअ‍ॅलानिन झाला की औषध नीट बसत नाही आणि यंत्र मात्र चालू राहतं. एक कुलूप, एक किल्ली. कुलपाचा एक दात झिजला आणि किल्ली निकामी झाली. जीवात जनुकाच्या निदान दोन प्रती असतात. एकच बदलली तर अर्धवट सहनशीलता येते, दोन्ही बदलल्या की पूर्ण. म्हणूनच मधल्या टप्प्यात शेतकऱ्याला वाटतं की औषध “जरा कमी लागू पडतंय”, आणि तो मात्रा वाढवतो.

मॅन्कोझेबचं उलट आहे. ते पानाच्या पृष्ठभागावरच राहतं, आत शिरत नाही, पण बीजाणूच्या कितीतरी विकरांवर एकदम हल्ला करतं. एका अक्षराच्या चुकीने एवढी सगळी कुलपं बदलत नाहीत. तांब्याचंही तसंच. बोर्डो मिश्रण १८८५ पासून वापरात आहे आणि अजून चालतं. आयर्लंडात मेटॅलॅक्सिल परत आलं ते मॅन्कोझेबबरोबरच्या मिश्रणात, आणि आज आपल्याकडेही ते मुख्यतः तसंच मिळतं.

१३, ३७ आणि ४३

युरोपात कुळांना आकडे दिले जातात. २००४ च्या सुमारास १३-ए२ हे कूळ दिसलं. ब्रिटनमध्ये दोन-तीन हंगामांत त्याने जुनी कुळं हटवली आणि २००७-०८ पर्यंत बहुतेक नमुने त्याचेच येऊ लागले. ते मेटॅलॅक्सिलला जुमानत नव्हतं. पण तेवढ्यावर ते जिंकलं नाही. त्याचे डाग भरभर वाढत होते, आणि ज्या वाणांना करपा-सहनशील म्हणत त्यांच्यातली काही जनुकं त्याने निष्प्रभ केली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: कूळ पसरतं ते सगळ्या गुणांच्या गाठोड्यासह. गाठोड्यात मेटॅलॅक्सिलची सहनशीलता असेल तर ती फुकटात सोबत जाते. या कुळात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. अशा जीवाचं मिलन नीट होत नाही, पण नुसत्या नकला काढून तो साऱ्या खंडात पसरतो.

उलटंही घडतं. अमेरिकेत यूएस-८ हे मेटॅलॅक्सिलला न जुमानणारं कूळ वर्षानुवर्षं माजलं होतं. पुढे यूएस-२३ ने त्याची जागा घेतली, आणि हे कूळ मेटॅलॅक्सिलला दाद देतं. औषध तेच, बाद ठरवलेलं, पण कूळ बदलल्यावर पुन्हा उपयोगी झालं. म्हणून कुळाची ओळख ही नुसती अभ्यासकांची हौस नाही.

३७-ए२ ची गोष्ट वेगळी. फ्लुआझिनाम हे १९९० च्या दशकापासून वापरात असलेलं औषध. पोहणाऱ्या बीजाणूंना मारतं, म्हणून हंगामाच्या शेवटी बटाटा वाचवायला पुन्हा पुन्हा मारलं जाई. त्याला प्रतिकार निर्माण होण्याचा धोका कमी समजला जात होता, आणि वीस वर्षं तसं झालंही नाही. २०१३ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये ३७-ए२ दिसलं आणि फ्लुआझिनाम त्याच्यावर कमजोर पडलं. समाधानाची गोष्ट म्हणजे शेतकऱ्यांनी फ्लुआझिनामचा वापर आखडता घेतल्यावर हे कूळ ओसरलं. औषधाचा दाब काढला की प्रतिकारक कूळ मागे पडू शकतं, याचा हा शेतातला पुरावा.

मग आलं ४३-ए१. डायमेथोमॉर्फ आणि मँडिप्रोपॅमिड ही औषधं पेशीच्या भिंतीतलं सेल्युलोज विणणाऱ्या यंत्राला अडवतात. डेन्मार्कमध्ये २०२२ च्या हंगामात ४३-ए१ वर मँडिप्रोपॅमिड चालेना. त्या यंत्राच्या जनुकात ११०५ व्या जागी ग्लायसिनच्या ऐवजी सेरिन आलेलं आढळलं. द्राक्षाच्या डाऊनी मिल्ड्यू (केवडा) रोगावर याच गटाच्या औषधांना जो प्रतिकार आला, तोही याच जागेच्या बदलाने. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना ही औषधं डाऊनीमुळेच ओळखीची असतील. डाऊनीत हा बदल जनुकाच्या दोन्ही प्रतींत लागतो, एकीत असून भागत नाही. त्यामुळे तो उशिरा दिसतो, पण एकदा पक्का झाला की औषध साफ पडतं. या सगळ्यात भर म्हणजे मॅन्कोझेबची परवानगी युरोपीय संघाने २०२० च्या अखेरीस पुढे चालू ठेवली नाही. अनेक कुलपांवर एकदम चालणारा, स्वस्त जोडीदार तिथे हातातून गेला आणि सगळा भार एका कुलपाच्या औषधांवर पडला.

आपल्याकडे काय?

१३-ए२ भारतात पोहोचलं आहे. दक्षिण भारतात टोमॅटोवर आलेल्या करप्याच्या मोठ्या साथींमागे ते होतं. पश्चिम बंगाल आणि पूर्व भारतात २०१३-१४ च्या बटाट्याच्या साथीतही तेच मिळालं, तेही आतल्या आत बरेच पोटभेद घेऊन. म्हणजे एकच कूळ, पण नकला काढताना जागोजाग थोडं थोडं बदललेलं. हाच जीव टोमॅटोवर येतो ही गोष्ट जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात विसरून चालणार नाही: टोमॅटोच्या प्लॉटवर चालणारी फवारणी शेजारच्या बटाट्यावरच्या करप्याचीही निवड करत असते. आणि मंचर, सातगाव पठार, खेड या भागात बेणं पंजाबकडून येतं. बेण्याच्या गाडीतून कूळही येऊ शकतं.

वाणावर भिस्त ठेवण्यालाही मर्यादा आहेत. कुफरी ज्योती १९६८ मध्ये प्रसारित झाली तेव्हा ती करप्याला तोंड देणारी होती. आता देत नाही. २००९ मध्ये या जीवाचं सगळं डीएनए वाचलं गेलं तेव्हा २४ कोटी अक्षरांतली सुमारे तीन चतुर्थांश पुनरावृत्तीची निघाली. झाडाच्या बचावाला चकवणारी शेकडो जनुकं याच अस्थिर भागात वसलेली आहेत, म्हणून ती झपाट्याने बदलतात.

कूळ कसं ओळखतात?

प्रयोगशाळेत दोन कामं होतात आणि ती वेगळी आहेत. पहिलं काम ठसा घेण्याचं. ताजा डाग एका खास रसायन लावलेल्या जाड कागदावर दाबतात. जीव मरतो, डीएनए कागदात अडकून राहतं, आणि कागद वाळवून टपालाने पाठवता येतो. जिवंत रोग पाठवण्याचा धोका नाही. मग डीएनएतल्या बारा ठरावीक जागी छोटे तुकडे किती वेळा पुनरावृत्त झालेत ते मोजतात. बारा जागांची मोजणी जुळली की कूळ जुळलं. युरोब्लाइट हे जाळं अनेक देशांचे असे नमुने एकत्र करून नकाशा मांडतं.

पण ठसा म्हणजे प्रतिकाराची चाचणी नाही. त्यासाठी जिवंत रोग लागतो. निरोगी पानाच्या गोल चकत्या औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या पाण्यावर तरंगत ठेवतात, वर बीजाणूंचा थेंब टाकतात आणि गार जागी आठवडाभराने लव किती आली ते पाहतात. मेटॅलॅक्सिलसाठी नेहमीचा निकष असा: लिटरला १०० मिलिग्रॅम औषध असूनही, बिनऔषधाच्या चकतीच्या तुलनेत ४० टक्क्यांहून अधिक वाढ झाली तर प्रतिकारक; ५ मिलिग्रॅमलाच वाढ ४० टक्क्यांच्या आत राहिली तर संवेदनशील; मधलं ते मध्यम.

रानात काय करायचं?

औषध बदलताना डब्याचं नाव बघू नका, बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव बघा. फ्रॅक ही संस्था औषधांना ती कुठल्या जागी काम करतात त्यावरून गट-क्रमांक देते. मेटॅलॅक्सिल गट ४, सायमॉक्सॅनिल २७, सायझोफॅमिड २१, फ्लुआझिनाम २९, ऑक्झाथायापिप्रोलिन ४९, मॅन्कोझेब एम-३. डायमेथोमॉर्फ आणि मँडिप्रोपॅमिड दोन्ही ४०. कुळांच्या आकड्यांशी या आकड्यांचा काही संबंध नाही. एका फवारणीत डायमेथोमॉर्फ आणि पुढच्या फवारणीत मँडिप्रोपॅमिड मारलं तर कंपनी बदलली, किंमत बदलली, पण कुलूप तेच राहिलं. फॅमोक्सॅडोन, फेनामिडोन आणि अ‍ॅझोक्सिस्ट्रोबिन ही तिन्ही अशीच एका गटाची, ११ ची. आपल्याकडे सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

रोग दिसण्याआधी, पाला सरी झाकायला लागला की मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २ ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम. करपा दिसला किंवा चार दिवस ढगाळ-दमट हवा ठरलेली दिसली, तर सायमॉक्सॅनिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण लिटरला ३ ग्रॅम, किंवा डायमेथोमॉर्फ ५० टक्के १ ग्रॅम अधिक मॅन्कोझेब २ ग्रॅम. पुढच्या फवारणीला गट बदलायचा. डब्यावरच्या मात्रेत आणि इथल्या आकड्यात फरक दिसला तर डब्यावरची मात्रा धरा.

आता पाण्याचा हिशेब, कारण इथे बरेच जण फसतात. वरच्या मात्रा हेक्टरी १००० लिटर, म्हणजे एकरी ४०० लिटर पाण्याच्या हिशेबाने आहेत. वाढलेल्या पिकात एकरी २०० लिटरच पाणी फिरवलं आणि लिटरची मात्रा तीच ठेवली, तर रानावर औषध निम्मंच पडलं. खालच्या पानांवर तर नाहीच पोहोचलं. अर्धवट प्रतिकार असलेले बीजाणू अशा निम्म्या मात्रेत आरामात वाचतात.

औषध फसलं म्हणजे प्रतिकारच आला असं लगेच धरू नका. फवारणी झाल्या दिवशी जी लागण पानाच्या आत होती तिचे डाग पुढे तीन-चार दिवस उमटतच राहतात. फवारणीनंतर फुटलेल्या पानावर मॅन्कोझेबचा कणही नसतो. औषध वाळायच्या आत पाऊस आला असेल. हे सगळं तपासूनही, नीट भिजलेल्या पानांवर आठवड्याने ताज्या डागांच्या कडेला पांढरी लव दिसत असेल, आणि तेही औषध पोहोचलेल्या वरच्या पानांवर, तर मात्र तो गट त्या हंगामापुरता बंद करा. मात्रा वाढवून तोच मारणं म्हणजे उरलेसुरले संवेदनशील बीजाणूही संपवणं. पान कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला दाखवा.

हवेचा अंदाजही घ्या. ब्रिटनमध्ये २०१७ पासून वापरात असलेला निकष सोपा आहे: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली नाही आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास हवेत ९० टक्के किंवा त्याहून जास्त आर्द्रता, की धोका सुरू.

शेवटी, काढणीआधी पाल्यावर करपा असेल तर आधी पाला कापून रानाबाहेर न्या, मग बटाटा १० ते १५ दिवस जमिनीतच राहू द्या. साल घट्ट होते आणि पाल्यावरचे बीजाणू मरतात; नाहीतर काढताना ते सालीवर पडतात आणि तोच बटाटा साठवणीत कुजतो किंवा बेणं म्हणून पुढच्या रानात जातो. सडके, टाकलेले बटाटे बांधावर फेकू नका, अडीच-तीन फूट खोल पुरा. बांधावरच्या ढिगातून उगवलेलं एक झाड पुढच्या हंगामाचा पहिला डाग देतं, आणि तो डाग गेल्या हंगामातल्या सगळ्या फवारण्यांतून वाचलेल्या कुळाचाच असतो.